वाचकांचे प्रश्न : सुपरहिरोंची गर्दी कुठे गेली?

या महिन्यात आम्ही सुपरहिरोपटांबद्दल प्रश्न मागवले होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडहून आलेल्या पत्रांतली सात निवडली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. डॉलरमधले आकडे बहुतेक तिकीटविक्रीचे असून ते ढोबळ करून दिले आहेत.

एंडगेमच्या वेळी घरातले तिघं तीन फोन घेऊन तिकिटासाठी बसले होते. आता त्याच मुलांना ‘नवा आलाय, जायचं का?’ विचारलं तर ‘येईल की ओटीटीवर’ म्हणतात. लोकांना खरंच कंटाळा आलाय, की आमची मुलं मोठी झाली? – पालक, कोथरूड

मुलं मोठी झाली हे खरंच, पण तेवढ्याने हे आकडे असे पडत नाहीत. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ २६ एप्रिल २०१९ ला लागला आणि जगभरात त्याने सुमारे २८० कोटी डॉलर जमवले. अकरा वर्षांत आलेल्या बावीस चित्रपटांच्या गोष्टीचा तो शेवट होता, त्यामुळे कुठल्याही चित्रपटाची तुलना त्याच्याशी करण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच तर एकाच पात्राच्या पहिल्या आणि दुसऱ्या चित्रपटाची करा. ‘कॅप्टन मार्व्हल’ने मार्च २०१९ मध्ये ११३ कोटी डॉलर मिळवले. तिचा पुढचा भाग ‘द मार्व्हल्स’ नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, तो जेमतेम २० कोटी ६० लाखांवर थांबला. ‘ॲक्वामॅन’चा पहिला भाग ११५ कोटींचा, दुसरा ४४ कोटींच्या आसपास. ‘जोकर’ २०१९ मध्ये १०७ कोटी, त्याचा दुसरा भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये २१ कोटींच्याही आत. या तिघांत मार्व्हल (पहिलं पात्र) आणि डीसी (उरलेली दोन) अशा दोन वेगळ्या कंपन्या आहेत आणि तीन वेगळ्या तऱ्हा आहेत, म्हणून दोष एकट्या मार्व्हलवर टाकता येत नाही.

याच काळात ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ने (डिसेंबर २०२१) १९२ कोटी, ‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी’च्या तिसऱ्या भागाने (मे २०२३) साडेचौऱ्याऐंशी कोटी आणि ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने (जुलै २०२४) १३४ कोटी मिळवले. म्हणजे मोठं यश अजून मिळतं. गेली ती खालची हमी. २०१४-१५ मध्ये कॉमिक्स न वाचणाऱ्या कुणालाही माहीत नसलेले गार्डियन्स ७७ कोटी आणि अँट-मॅन ५२ कोटी करून गेले, कारण पडद्यावरच्या मार्व्हलच्या त्या लाल पाटीवर लोकांचा विश्वास होता. आता पाटी पाहून कुणी जात नाही. चित्रपट कसा आहे ते विचारून जातात.

विश्वास का गेला, याचं आमच्या मते सगळ्यांत मोठं कारण गृहपाठ. २०२१ या एका वर्षात मार्व्हलचे चार चित्रपट आणि पाच मालिका आल्या. ‘द मार्व्हल्स’ नीट कळायला आधी एक चित्रपट, ‘वांडाव्हिजन’चे नऊ भाग आणि ‘मिस मार्व्हल’चे सहा भाग बघितलेले असणं बरं, अशी परिस्थिती होती. हा दहा-बारा तासांचा अभ्यास झाला. फेब्रुवारी २०२५ च्या ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये तर खलनायक २००८ च्या हल्कच्या चित्रपटातून आला होता, समुद्रातला पुतळा २०२१ च्या ‘इटर्नल्स’मधून आणि म्हातारा सैनिक सहा भागांच्या मालिकेतून. नोकरी करणाऱ्या माणसाने शुक्रवारी रात्री एका तिकिटात एक पूर्ण गोष्ट मागितली तर ती मागणी रास्त आहे. ती पुरी होत नाही असं दोनदा दिसलं की तो तिसऱ्यांदा ‘येईल की ओटीटीवर’ म्हणतो. तुमची मुलं तेच म्हणत आहेत.

चाळीस कोटी डॉलर कमावणाऱ्या चित्रपटालाही ‘अपेक्षाभंग’ म्हणतात. हा हिशेब कसा असतो? – वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना

वर आलेल्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चंच उदाहरण घेऊ. निर्मितीखर्च १८ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. जगभराची तिकीटविक्री साडेएकेचाळीस कोटी. वरवर पाहता दुपटीहून जास्त.

पहिली पायरी : विक्रीचे दोन भाग करा, अमेरिका-कॅनडा आणि उरलेलं जग. इथे २० कोटी आणि साडेएकवीस कोटी.
दुसरी पायरी : अमेरिकेतल्या विक्रीचा साधारण निम्मा वाटा कंपनीला मिळतो. म्हणजे १० कोटी.
तिसरी पायरी : बाहेरच्या देशांत सरासरी ४० टक्के धरा. चीनमध्ये आयात चित्रपटाला २५ टक्केच मिळतात, म्हणून तिथली विक्री मोठी असेल तर सरासरी आणखी खाली आणा. इथे साडेआठ कोटी.
चौथी पायरी : बेरीज साडेअठरा कोटी. निर्मितीखर्च निघाला, पण जाहिरातीचे कोट्यवधी डॉलर अजून बाकीच आहेत.

म्हणूनच या धंद्यात ढोबळमानाने ‘खर्चाच्या अडीचपट विक्री झाली तर थिएटरमधून पैसे सुटले’ असं धरतात. पुढे ओटीटी, टीव्ही आणि खेळण्यांतून पैसा येतो, त्यामुळे हा पूर्ण ताळेबंद नाही. फक्त थिएटरचा कस आहे.

आपल्या तिकिटाचंही गणित करून बघा. तुम्ही करासह २५० रुपये दिले. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी असतो. २५० ला १.१८ ने भागलं की २११ रुपये ८६ पैसे उरतात. याला ‘नेट’ म्हणतात आणि वर्तमानपत्रांतले हिंदी चित्रपटांचे आकडे बहुधा हेच असतात. हॉलिवूडचे आकडे मात्र ‘ग्रॉस’, म्हणजे प्रेक्षकाने मोजलेली सगळी रक्कम. दोन्ही एका तक्त्यात ठेवले की चूक ठरलेली. त्या २११ रुपयांपैकी हिंदी चित्रपटाच्या वितरकाला मल्टिप्लेक्समधून पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के अशी पद्धत निर्माते-वितरकांच्या २००९ च्या संपानंतर रूढ झाली. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्या अडीचशेतले १०६ रुपये वितरकाकडे जातात. ऑनलाइन बुकिंगचा आकार वेगळा. त्याचा या वाटपाशी संबंध नाही.

आणखी एक भागाकार शिकून ठेवा : एकूण विक्री भागिले पहिल्या तीन दिवसांची विक्री. अमेरिकेतले आकडे घेतले तर ‘द मार्व्हल्स’चं उत्तर १.८ येतं, ‘अँट-मॅन’च्या तिसऱ्या भागाचं २, ‘फँटॅस्टिक फोर’चं (जुलै २०२५) २.३, ‘सुपरमॅन’चं (जुलै २०२५) २.८ आणि ‘गार्डियन्स’च्या तिसऱ्या भागाचं ३. उत्तर दोनच्या खाली आलं की समजायचं, पहिल्या रविवारनंतर चाहत्यांखेरीज कुणी फिरकलं नाही. घरोघरचे लोक, आजी-आजोबा, दुसऱ्यांदा बघणारे आले असतील तर उत्तर तीनकडे सरकतं. पडझड कुठे आहे ते या एका आकड्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं एकूण विक्रीतही दिसत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. एंडगेमचं उत्तर फक्त २.४ येतं. तिथे पहिल्याच तीन दिवसांत जग लोटलं होतं, म्हणून भाजक अवाढव्य झाला. पहिला शनिवार-रविवार मध्यम असलेल्या चित्रपटांनाच ही कसोटी लावावी.

सोमवारपर्यंत थांबून चित्रपट चांगला आहे की नाही ते ठरवायचं असेल तर काय बघावं? – सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी

बुकिंगचं ॲप उघडून सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराचे तीन खेळ बघा : एक कोथरूडकडचा, एक विमाननगरचा, एक पिंपरी-चिंचवडचा. शुक्रवारी त्याच वेळेला भरलेल्या खुर्च्यांच्या निम्म्या तरी भरल्या असतील तर लोक एकमेकांना ‘जा’ म्हणताहेत. पाव भागही नसतील तर पहिल्या दिवशीची गर्दी जाहिरातीची होती. सोमवारी सुट्टी असेल तर ही परीक्षा मंगळवारवर ढकला, पण त्या दिवशी सवलतीचं तिकीट असेल तर तीही फसते. मग बुधवार धरा. सगळ्यांत मागच्या रांगेतल्या चार-सहा खुर्च्या कधी कधी विक्रीलाच नसतात, त्या मोजू नका.

मी ॲनिमेशनचा अभ्यासक्रम करतो. एवढा पैसा असूनही अलीकडच्या सुपरहिरोपटांतले ग्राफिक्स कच्चे का वाटतात? आणि आमच्यासारख्यांनी त्यातून काय शिकावं? – विद्यार्थी, कर्वेनगर

संगणक कमी पडत नाहीत. काम कुठल्या क्रमाने होतं आणि निर्णय कधी होतो, यात घोळ असतो.

एंडगेमसारख्या चित्रपटात अडीच हजारांच्या आसपास शॉट ग्राफिक्सचे असतात, म्हणजे जवळजवळ सगळा चित्रपटच. ते एका ठिकाणी होत नाहीत. अनेक कंपन्यांत वाटले जातात. प्रत्येक शॉट एका साखळीतून जातो. आधी प्लेट, म्हणजे सेटवर चित्रित केलेलं मूळ दृश्य येतं. कॅमेरा कसा हलला ते ट्रॅकिंगमध्ये शोधतात. रोटोत माणूस पार्श्वभूमीपासून कापून वेगळा करतात. मग मॉडेल, त्याचा सांगाडा म्हणजे रिग, ॲनिमेशन, प्रकाशयोजना, त्यातून संगणकाने पक्की चित्रं काढणं म्हणजे रेंडर, आणि शेवटी सगळे थर एकत्र बसवणारं कॉम्पोझिटिंग. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम. त्यात मोकळे केस आणि फडफडणारा झगा असेल तर एकट्या रोटोत दोन-तीन दिवस सहज जातात.

आता समजा, प्रकाशयोजना झाल्यावर वरून निरोप आला की नायकाच्या छातीवरचं चिन्ह बदला. काम पुन्हा मॉडेलपाशी जातं आणि पुढची प्रत्येक कडी नव्याने करावी लागते, प्रदर्शनाची तारीख मात्र जागची हलत नाही. शेवटच्या अर्ध्या तासातली लढाई सगळ्यांत शेवटी ठरते, म्हणून तीच सगळ्यांत कच्ची दिसते. काम ठरावीक रकमेवर घेतलेलं असतं, त्यामुळे वाढीव दुरुस्त्यांचा भार जादा तासांच्या रूपाने कामगारांवर येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्याच ग्राफिक्स विभागातल्या लोकांनी एकमताने कामगार संघटनेच्या बाजूने मतदान केलं, त्यामागे हीच ओढाताण होती. त्यांच्या बाजूने बोलणं आम्हाला आवश्यक वाटतं, कारण ‘ग्राफिक्सवाल्यांनी घाण केली’ हे वाक्य पहिल्या खेळाच्या मध्यंतरातच कानावर येतं आणि ते बहुतेक वेळा चूक असतं.

दुसरं कारण सेटवरचं. मागे काय दिसणार ते ठरलेलंच नसेल तर नटावर चारी बाजूंनी सारखा, मऊ प्रकाश टाकतात; म्हणजे नंतर काहीही लावता येईल. पुढे मागे सूर्यास्त लावला की चेहरा उघडा पडतो. नाकाखालची सावली सूर्याच्या दिशेशी जुळत नाही, डोळ्यांतल्या चमकीत स्टुडिओचे दिवे दिसतात. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याच्या डोळ्याला खटकतं. तिसरं कारण वजन. ऐंशी किलोचा माणूस तीन मजले खाली उतरला तर गुडघे वाकतात, धूळ उडते, शरीर क्षणभर दबतं. संगणकातला माणूस पिसासारखा टेकला की पुढची सगळी मारामारी खोटी होते.

तुमच्यासाठी घरी करण्यासारखा सराव असा. संध्याकाळी पाच वाजता वेताळ टेकडीवर मित्राचा दहा सेकंदांचा शॉट फोनवर घ्या. फोनमधलं स्टॅबिलायझेशन बंद, एक्सपोजर आणि फोकस लॉक. स्टॅबिलायझेशन चालू राहिलं तर फ्रेम आतल्या आत सरकते आणि कॅमेऱ्याची हालचाल शोधताच येत नाही. नवशिक्यांचा पहिला दिवस यातच वाया जातो. मित्र उभा होता तिथेच एक चकचकीत आरशासारखा गोळा आणि एक मॅट राखाडी रंगाचा गोळा ठेवून फोटो काढा. चकचकीत गोळ्याचे कमी-जास्त एक्सपोजरचे पाच काढा. त्यात टेकडीवरचा सगळा प्रकाश कुठून येतोय ते मिळतं, राखाडी गोळ्यावर सावलीची कड किती मऊ आहे ते कळतं. कॅमेऱ्याची उंची, अंतर आणि वेळ वहीत लिहा.

घरी आल्यावर क्लिप स्थिर फ्रेमरेटला (सेकंदाला ठरावीक फ्रेम) बदला, कारण फोनचा फ्रेमरेट खालीवर होतो आणि ट्रॅक घसरतात. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात किमान आठ ठिकाणं पूर्ण शॉटभर ट्रॅक करा. काही जवळची, काही लांबची. सगळी एकाच भिंतीवर किंवा एकाच अंतरावर घेतली तर खोली कळत नाही. हलणारी पानं आणि मित्राचा शर्ट घेऊ नका. सॉल्व्ह एरर (कॅमेऱ्याची हालचाल शोधण्यात सॉफ्टवेअरची झालेली चूक) एका पिक्सेलच्या खाली, जमल्यास अर्ध्याच्या खाली आणा. मग टेकडीवर एक साधा दगड बसवा. राक्षस नको, दगडच. त्याची सावली खऱ्या दगडांच्या सावलीशी दिशेला, कडेला आणि गडदपणाला जुळली, तर तुमच्या कामाच्या नमुन्यांच्या रीळमध्ये तो दगड स्फोटांपेक्षा जास्त बोलेल.

एका मल्टिप्लेक्समध्ये सुपरहिरोपट थ्रीडीत पाहिला. निम्मा चित्रपट अंधारातच गेला. माझ्या डोळ्यांचा दोष की त्यांचा? – ज्येष्ठ नागरिक, हडपसर

डोळ्यांचा बहुधा नाही. टूडी चित्रपटासाठी पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) इतका उजेड असावा असं मानक आहे. थ्रीडीत चष्मा आणि फिल्टरमुळे डोळ्यांपर्यंत त्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी पोचतो. त्यात हे बरेचसे चित्रपट टूडीतच चित्रित करून नंतर थ्रीडीत बदललेले असतात आणि त्यांत रात्रीची दृश्यं पुष्कळ. पर्याय असेल तर टूडीचंच तिकीट काढा. टूडीतही अंधार वाटला तर प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असतो किंवा थ्रीडीचं फिल्टर तसंच पुढे राहिलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन व्यवस्थापकाला ‘उजेड कमी आहे, फिल्टर बघा’ असं स्पष्ट सांगा. मध्यंतरानंतर तक्रार केली तर फारसं काही होत नाही.

मी आयुष्यभर पुण्यात मराठी चित्रपट बघितले. एखादी लाट येते आणि जाते, यात नवल काय? आणि दिवाळीत येणाऱ्या नातवंडांना (वय ९ आणि १३) आधीचं काही न बघता कळेल असं काय दाखवू? – आजी, नारायण पेठ

आजी, लाटेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याचा दाखला पुण्यातच आहे. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि आपल्या विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला. त्यानंतर कितीतरी वर्षं तमाशापट निघत राहिले, त्यांतले थोडेच टिकले. १९७२ च्या ‘पिंजरा’सारखा चित्रपट त्याच मळलेल्या वाटेवरून येऊनही वेगळा ठरला, कारण फड आणि लावणी त्यात होतीच, पण गोष्ट एका मास्तराच्या अधःपाताची होती. अमेरिकेत काउबॉयपटांचं असंच झालं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या टीव्हीवर संध्याकाळच्या वेळेत एकाच हंगामात पंचवीसहून जास्त काउबॉय मालिका चालू होत्या. घरात फुकट दिसणाऱ्या गोष्टीसाठी लोक पैसे मोजेनासे झाले आणि सत्तरच्या दशकात तो चित्रप्रकार आटला. सुपरहिरोंच्या मालिका ओटीटीवर आल्यापासून तेच घडतं आहे.

मार्व्हलची मालक कंपनी डिस्नी हे ओळखून आहे. वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट आणि दोनेक मालिका, असं तिच्या प्रमुखांनी मे २०२४ मध्ये जाहीर केलं. त्या वर्षी मार्व्हल स्टुडिओचा एकच चित्रपट आला. पण २०२५ मधल्या तिघांची विक्री ३८ ते ५२ कोटी डॉलरच्या दरम्यानच राहिली, आणि त्यांतल्या दोघांचं तर समीक्षकांनी चांगलं कौतुक केलं होतं. उडालेला विश्वास एका वर्षात परत येत नाही, एवढं यातून दिसतं.

आता नातवंडांसाठी. ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८, दोन तासांच्या आत) सर्वांत आधी, त्याला ॲनिमेशनचं ऑस्कर आहे आणि पूर्वज्ञान शून्य लागतं. त्यात दिवे फार लुकलुकतात, म्हणून खोली पूर्ण अंधारी करू नका आणि मुलांना टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर बसवा. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) तेरा वर्षांच्याला चालेल. तुम्हालाही सोबत बसायचं असेल तर मल्याळी ‘मिन्नल मुरली’ (२०२१) लावा : एका खेड्यातल्या शिंप्यावर वीज पडते, ती दुसऱ्याही एकावर पडलेली असते, आणि गाव तेच राहतं. हिंदीत उपलब्ध आहे. पावणेतीन तासांच्या आतबाहेर लांबी आहे, तेव्हा चहा-फराळाची सुट्टी ठेवून बघा. ‘डेडपूल’ किंवा ‘जोकर’ नावाचं काहीही मुलांनी मागितलं तर सरळ नाही म्हणा. ते प्रौढांसाठीच आहेत. थिएटरला नेणार असाल तर तिकिटावर यूए ७+, यूए १३+, यूए १६+ यांतलं काय लिहिलं आहे ते बघा. त्या वयाखालच्या मुलांना न्यायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं असतं. ‘ए’ असेल तर अठराखाली प्रवेशच नाही.

‘छावा’ला गर्दी होते, दक्षिणेतल्या सुपरहिरोपटांना होते. मग मराठीत कुणी का करत नाही? आम्ही सहा मित्र पटकथा लिहितो आहोत. कमी पैशांत करायचं तर कुठून सुरुवात करावी? – लेखक गट, सदाशिव पेठ

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला, त्याच शुक्रवारी ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ही. छत्रपती संभाजी महाराज हे आपले इतिहासपुरुष, त्यांना सुपरहिरोंच्या रांगेत बसवायचा प्रश्नच नाही. मुद्दा घरातल्या पैशांचा आहे : चौघांना थिएटरला महिन्यातून एकदाच जायचं तर ते कुठे गेले, हे त्या आठवड्यात पुण्यात कुणालाही दिसलं. ‘छावा’ने देशात साडेपाचशे कोटी रुपयांच्या वर नेट मिळवलं. पुढे २५ जुलैला ‘फँटॅस्टिक फोर’समोर ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट आला आणि दोनशे कोटींच्या वर गेला. ऑगस्टमध्ये मल्याळी ‘लोका’ सुमारे तीस कोटींत तयार होऊन जगभरात तीनशे कोटींच्या घरात पोचला. त्याची नायिका केरळच्या लोककथेतल्या यक्षीवरून उभी केली आहे. अचाट बळाची गोष्ट लोकांना हवीच आहे. ती आपल्या ओळखीच्या अंगणात घडली तर त्यांना आधीचं काही शिकवावं लागत नाही.

मराठीत अगदीच कुणी केलं नाही असं नाही. निखिल महाजन यांचा ‘बाजी’ २०१५ मध्ये आला होता. तो मिळवून पाहा आणि कुठे खर्च दिसतो, कुठे दिसत नाही ते वहीत मांडा.

पटकथेचं म्हणाल तर शक्ती एकच ठेवा, आणि ती खऱ्या वस्तूंवर दिसणारी असू द्या. वारा, आवाज, धूळ, पाणी यांवर परिणाम दाखवणं स्वस्त पडतं. अंगातून निघणारा प्रकाश आणि बदलणारं शरीर महाग. ग्राफिक्सचे शॉट दीडशेच्या आत राहतील असं आधीच मोजा. पटकथेच्या समासात प्रत्येक शॉटला खूण करा आणि सहाही जणांनी वेगवेगळं मोजा. बेरजा जुळल्या नाहीत तर लिखाण संदिग्ध आहे. तारेवरची उडी खऱ्या माणसाकडून, प्रशिक्षित साहसदृश्य दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली करवून तार नंतर पुसणं, हे संगणकातला माणूस उडवण्यापेक्षा स्वस्त आणि वजनदार दिसतं. ध्वनीवर मात्र पैसे वाचवू नका.

पोशाखाचे तीन संच शिवा : एक अंगावर, एक वाळत, एक फाटल्यावर लावायला. आत सुती अस्तर, बगलेत ताणणारं कापड, पाठीत लपवलेली चेन. मुखवट्याला मान वळवून बघा. ‘द डार्क नाइट’च्या वेळी बॅटमॅनचा पोशाख नव्याने घडवला, त्यामागे नटाला मानच वळवता येत नव्हती हे एक कारण होतं. पूर्ण काळा रंग रात्रीच्या चित्रीकरणात नुसता खड्डा दिसतो. गडद निळा किंवा कडेला किंचित चमक असलेला घ्या. हिरव्या पडद्यापुढे काम असेल तर पोशाखात हिरवा धागाही नको. तोंड झाकलेलं असेल तर संवाद नंतर ध्वनिमुद्रित करावे लागतील, ते दिवस वेळापत्रकात धरा.

परवानग्यांसाठी राज्याची एक खिडकी योजना गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत चालते, तिथून सुरुवात करा. रस्त्यावरच्या दृश्यांसाठी वाहतूक पोलिस आणि महापालिका, टेकडीसाठी वनविभाग. शनिवारवाडा केंद्र-संरक्षित स्मारक आहे. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे बराच आधी अर्ज आणि शुल्क भरावं लागतं. पेठेतला जुना वाडा घेतलात तर सगळ्या मालकांची लेखी संमती घ्या. एका भावाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने चित्रीकरणाच्या दिवशी कुलूप लावलं, हा ठरलेला घोळ आहे. ड्रोन उडवायचा असेल तर ड्रोनसाठीचा सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशा आधी उघडा. लोहगावला हवाई दलाचा तळ असल्यामुळे शहराचा बराच भाग निर्बंधांत येतो आणि लाल पट्ट्यात परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. नायक ज्या गच्चीवरून उडी घेणार ती आधी त्या नकाशावर शोधा, मग दृश्य लिहा.